विजेचा हिशेब पाण्यात

सोलापूरच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजप्रकल्पाची चिमणी विमानांच्या मार्गात येते म्हणून जून २०२३ मध्ये पाडण्यात आली. वाद रंगला तो विमानसेवा हवी की कारखाना, असा. परंतु उसापासून होणारी ही वीज या जिल्ह्याला नेमकी केवढ्याला पडते, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.

एक टन ऊस गाळला की सुमारे पाव टन चोथा, म्हणजे बगॅस, उरतो. उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये तो जाळून वाफेवर जनित्र फिरवायचे आणि त्याच वाफेवर पुढे रस आटवायचा, ही योजना निःसंशय काटकसरीची आहे. ती रात्रीही वीज देते, हे सौर ऊर्जेला न साधणारे काम. तथापि ऊस बारा ते अठरा महिने पाणी पितो, आणि येथे वर्षाकाठी पाऊस पडतो जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर! बगॅस नवीकरणीय खरा. पण १९८० साली पूर्ण झालेले उजनी धरण भरते ते मुख्यतः पुणे जिल्ह्यातील घाटमाथ्यावरच्या पावसावर. फताटेवाडीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्पही उजनीवरच अवलंबून आहे. काही दिवसांआड पाणी भरण्याची सवय ज्या शहराला वर्षानुवर्षे लागली, त्याने हा हिशेब मांडायलाच हवा.

सौर पॅनेलला पाणी लागते ते धूळ धुण्यापुरते. २०१७ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे. रात्री विंचूकाट्यातून दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला ती केवढी सुटका आहे, हे वेगळे सांगणे नलगे. तरीही स्वतंत्र सौर पंपापेक्षा वाहिनीलाच सौर वीज पुरविणे आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटते. स्वतंत्र पंपाची वीज जवळजवळ फुकट. तेव्हा बोअरमधून उपसा वाढण्याचा मोह होणारच. वाहिनीवर उरलेली वीज निदान इतरांच्या उपयोगी पडते.

२०३० पर्यंत पाच लाख मेगावॉट बिगर-जीवाश्म क्षमतेचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. त्यात सोलापूरने आपला वाटा जरूर उचलावा. मात्र सहवीज खरेदीचे करार करताना त्या कारखान्याचा ऊस ठिबकवर किती आणि पाटपाण्यावर किती, याची नोंद घेऊन दरात तसा फरक करण्यास वीज नियामक आयोगाने आता प्रारंभ करावा.