साठवले, पण परत मिळेल का?

जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर २०२१ मध्ये बॅकअपची आज्ञावली सुधारण्याचे नेहमीचे काम सुरू होते. जुनी आज्ञावली चालू असतानाच तिच्या जागी नवी लिहिली गेली. नर्स इंजेक्शन भरत असताना कुणी केसपेपरवरचा डोस बदलावा, तसे झाले. फक्त जुन्या नोंदी पुसायच्या होत्या. पुसल्या गेल्या संशोधकांच्या सुमारे ३.४ कोटी फायली, म्हणजे ७७ टेराबाइट माहिती. १४ संशोधन गटांना फटका बसला. त्यांपैकी चार गटांची माहिती बॅकअपमधूनही परत आली नाही.

जी प्रत सतत यंत्राला जोडलेली असते, ती यंत्राच्या चुकीतही सापडते. म्हणूनच कॅसेट गेल्या, तरी चुंबकीय टेप गेली नाही. जिनिव्हाजवळची ‘सर्न’ प्रयोगशाळा आजही प्रयोगांची माहिती टेपवर जपते. कपाटात ठेवलेल्या टेपला वीज लागत नाही आणि चुकीची आज्ञा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

तळहातावर मावणाऱ्या ‘एलटीओ-९’ कार्ट्रिजमध्ये एक किलोमीटरहून लांब टेप असते आणि १८ टेराबाइट माहिती मावते. एका माणसाच्या जीनोमची कच्ची माहिती साधारण १०० गिगाबाइट धरली, तर दहा हजार जणांसाठी ५६ कार्ट्रिज पुरतात.

मात्र टेप सांभाळणे शिकावे लागते. ‘ऑब्जेक्ट स्टोरेज’ पद्धतीत माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्याला स्वतंत्र ओळख मिळते, रुग्णालयातल्या केसपेपर नंबरासारखी. गठ्ठा कोणत्या टेपवर, कुठे आहे, हे वापरणाऱ्याला ठाऊक नसले तरी चालते. पण मागणी केल्यावर रोबो ती टेप काढतो, यंत्रात घालतो आणि टेप हव्या त्या जागेपर्यंत गुंडाळली जाते. यात मिनिटभर सहज जाते. एकदा जागा सापडली, की वाचन सेकंदाला ४०० मेगाबाइट वेगाने होते.

म्हणून पहिला धडा: बारीक फायली सुट्या न ठेवता एकत्र बांधून ठेवायच्या. दुसरा: गरज पडेल तशी एकेक फाइल मागायची नाही. उद्याच्या कामाची यादी आजच द्यायची, म्हणजे एका टेपवरचे सगळे एकाच फेरीत डिस्कवर येते. तिसरा: दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवायची आणि तिच्या जागेची हवा कोरडी राखायची. चौथा धडा हमखास विसरला जातो. टेप नीट ठेवली तर तीस वर्षे टिकते, पण एलटीओ-९ चे यंत्र फक्त स्वतःची आणि मागच्या एका पिढीची टेप वाचते. त्यामुळे काही वर्षांनी सगळी माहिती नव्या टेपवर उतरवावीच लागते.

शेवटी उरते ती तपासणी. आपत्कालीन ट्रेमधल्या लॅरिंगोस्कोपचा दिवा रुग्ण येण्याआधीच लावून पाहतात. तसेच अधूनमधून एखादा गठ्ठा परत मागवून तो जसाच्या तसा आला का, हे पडताळायचे. ज्या बॅकअपमधून काहीच कधी परत आणून पाहिलेले नाही, त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

हे घरालाही लागू आहे. आईच्या एमआरआयची सीडी कपाटात जपून ठेवलेली असते. ती वाचणारा लॅपटॉप मात्र आता घरात नसतो. पुढच्या तपासणीची तारीख येण्याआधी ती एकदा उघडून पाहावी.