आटत्या नदीतील आपले आणि परके मासे

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि घाटमाथ्यावरच्या आंबोलीत त्याच्या दुपटीहून अधिक; तरीही होळी सरली की इथल्या बहुतेक नद्यांच्या वरच्या भागात वाहते पाणी फारसे उरत नाही. सह्याद्रीच्या कड्यावरून निघून लगेच समुद्र गाठणाऱ्या या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत, आणि जांभा खडक सच्छिद्र असल्यामुळे जमिनीत मुरलेले पाणीही झऱ्यांवाटे लवकर निघून जाते. कणकवलीवरून कालावलच्या खाडीकडे जाणारी गड असो किंवा कुडाळकडून येऊन देवबागजवळ समुद्राला मिळणारी कर्ली, उन्हाळ्यात त्यांचे वरचे पात्र म्हणजे एकमेकांपासून तुटलेल्या डोहांची रांग होते.

हे आटणे स्थानिक माशांना नवीन नाही. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात नदीला लाल पाणी आले की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने ओहोळांत आणि भातशेतीच्या उथळ पाण्यात अंडी घालण्यासाठी चढतात, म्हणूनच कोकणात त्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. पिल्ले पावसाळाभर वाढतात, पाणी ओसरताना नदीत उतरतात आणि उन्हाळा डोहांत काढतात. हजारो वर्षांत घडलेले हे चक्र दोन गोष्टींवर उभे आहे: उन्हाळ्यात डोह जिवंत राहिला पाहिजे आणि पावसाळ्यात वाट मोकळी मिळाली पाहिजे. अलीकडच्या काळात या दोन्ही गोष्टींना धक्का बसला आहे, आणि त्याच वेळी डोहांत नवे भिडू आले आहेत.

प्रवाह थांबला की पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू, म्हणजे माशांना कल्ल्यांद्वारे घेता येणारा प्राणवायू, कमी मावतो. शिवाय पाणी हलत नसल्याने हवेतून त्याची भरपाईही मंदावते, दगडगोट्यांच्या फटींत गाळ बसतो आणि शेवाळ माजते. याची सर्वाधिक झळ तळाशी, वाहत्या पाण्यात, गोट्यांच्या आडोशाने राहणाऱ्या लहान माशांना बसते. आंबोलीच्या हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळ सापडलेला आणि 2020 साली शास्त्रीय नाव मिळालेला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा मासा अशाच गटातला आहे. हिरण्यकेशी पूर्वेकडे, कृष्णेच्या खोऱ्यात वाहते, पण तिचा उगम सावंतवाडी तालुक्यात आहे. तिथल्या पाण्याचा परिसर 2021 मध्ये राज्य शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केला. एका छोट्या माशासाठी घेतलेला हा निर्णय अभिमान वाटावा असाच आहे. मात्र असे संरक्षण एका उगमाला मिळाले, खाली वाहत जाणाऱ्या नद्यांना नाही.

परक्या माशांचे गणित नेमके उलट असते. 1952 साली मत्स्यशेतीसाठी भारतात आणलेला आफ्रिकी तिलापिया, ज्याला बाजारात चिलापी म्हणतात, संथ आणि उबदार पाण्यात रमतो, कमी प्राणवायू सोसतो, वर्षातून अनेकदा पिल्ले देतो, आणि त्याची मादी अंडी तोंडात सांभाळत असल्याने पिल्ले वाचण्याचे प्रमाणही मोठे असते. आफ्रिकी मागूर तर हवेतला प्राणवायूही घेऊ शकतो आणि आटत्या डोहात कोंडलेले छोटे मासे त्याला आयतेच मिळतात. म्हणूनच त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली. धरणांत आणि तलावांत सोडले जाणारे कटला, रोहू, मृगळ हे भारतीयच, परंतु मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, आणि माशाचे घर देशाच्या सीमेने नव्हे तर नदीच्या खोऱ्याने ठरत असल्यामुळे कोकणातल्या नद्यांना तेही पाहुणेच आहेत. जोरदार प्रवाह संथ पाण्यातल्या या माशांपैकी अनेकांना वाहून नेतो, तर प्रवाह क्षीण झाला की त्यांना पाय रोवायला जागा मिळते.

खाडीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. वरून येणारे गोडे पाणी घटले की भरतीचे खारे पाणी आत दूरवर शिरते. तिलापिया खारेपणाही सहज सोसतो, आणि मालवणी ताटातले मानाचे काळुंदर, जे त्याच कुळातले पण अस्सल इथले आहे, उथळ काठावर ज्या जागी घरटे करते त्याच जागांवर तोही हक्क सांगतो.

उपाय शोधताना, पाणी आणि माशांची वाट अडवतात म्हणून बंधाऱ्यांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. थंडीच्या सुरुवातीला ओढ्यांवर घातल्या जाणाऱ्या कच्च्या वनराई बंधाऱ्यांवर विहिरींचे पाणी आणि वायंगणी, म्हणजे उन्हाळी, शेती अवलंबून असते, आणि ते पहिल्या पुराबरोबर वाहूनही जातात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या पावसाळ्यात काढल्या जातात, पण त्यांचा काँक्रीटचा उंबरठा उरतो आणि लहान माशांना तो चढता येत नाही. त्यालगत दगडांचा सौम्य उतार रचला तर चढणीची वाट खुली राहील.

प्रवाह परत दिला तर मासे परततात, याचा पुरावा कॅलिफोर्नियातील प्यूटा क्रीक या नदीने दिला आहे. बंधाऱ्यामुळे तिथले स्थानिक मासे बंधाऱ्याखालच्या जेमतेम 1 किलोमीटरच्या पट्ट्यात उरले होते. कोर्टकचेरीनंतर 2000 साली झालेल्या करारान्वये वर्षभर किमान प्रवाह आणि वसंतात, अंडी घालण्याच्या काळात, वाढीव पाणी सोडले जाऊ लागले. पुढे 20 किलोमीटरहून अधिक लांबीत स्थानिक माशांचे वर्चस्व पुन्हा प्रस्थापित झाल्याचे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. त्यासाठी लागलेले जास्तीचे पाणी थोडेच होते. महत्त्वाचे होते ते कधी सोडले जाते हे.

सिंधुदुर्गात नळयोजना, बागायती आणि पर्यटन या सर्वांची मागणी उन्हाळ्यातच वाढते, आणि पाणीवाटपाच्या हिशेबात नदीचा स्वतःचा रकाना सहसा नसतो. तो आता असायला हवा. ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतला निदान एक खोल डोह पंप आणि विष टाकून होणाऱ्या मासेमारीपासून राखावा, शेततळ्यात तिलापिया सोडण्यापूर्वी पुराचे पाणी तळ्यावरून कुठे जाते ते शेतकऱ्याने पाहावे, आणि चढणीच्या पहिल्या आठवड्यात अंड्यांनी भरलेल्या माशांवर पाग टाकण्याचा मोह गावकऱ्यांनी आवरावा.