फ्रातेर्निते : भाऊ, बंधुता आणि भाऊबंदकी

शाळेच्या परिपाठात आपली मुले संविधानाची उद्देशिका म्हणतात. स्वातंत्र्य, समानता हे शब्द त्यांना कळतात. 'बंधुता' आली की पोर घरी येऊन विचारते, "म्हणजे भावाभावांचं प्रेम का?" उत्तर द्यायचे तर आधी एका फ्रेंच शब्दाची ओळख करून घेऊ या.

तो शब्द 'फ्रातेर्निते'. फ्रेंच भाषेत भावाला 'फ्रेर' म्हणतात. त्याच्या मुळाशी लॅटिन 'फ्रातेर' आहे. संस्कृतातला 'भ्रातृ', पालीतला 'भाता' आणि आपला 'भाऊ' ही त्याच कुळातली माणसे. पण फ्रेंच माणूस 'फ्रातेर्निते' म्हणतो तेव्हा त्याला सख्खा भाऊ अभिप्रेत नसतो. जो रक्ताचा नाही, त्याला भाऊ मानणे हा त्याचा खरा अर्थ. एक वकील दुसऱ्या वकिलाला 'काँफ्रेर', म्हणजे व्यवसायबंधू म्हणतो. शत्रूच्या सैनिकांशी दोस्ती करण्यालाही याच शब्दावरून क्रियापद झाले आहे.

1789 च्या फ्रेंच राज्यक्रांतीत हा शब्द गाजला आणि 1848 मध्ये फ्रान्सच्या राज्यघटनेत गेला. तेथील शाळा व नगरपालिकांच्या इमारतींवर आजही तो कोरलेला दिसतो. पण भिंतीवर कोरल्याने शब्द खरा होत नाही. त्याच फ्रान्सने वसाहतींतील गुलामगिरी 1794 मध्ये रद्द केली आणि 1802 मध्ये नेपोलियनने ती पुन्हा आणली. ती कायमची गेली 1848 मध्ये. मात्र 2018 मध्ये तेथील घटना परिषदेने या शब्दाला कायद्याचे बळ दिले. निर्वासितांना मदत करणाऱ्या एका शेतकऱ्यावर खटला झाला होता. माणुसकीने कोणालाही मदत करणे हे बंधुतेत बसते, असा निकाल मिळाला. शब्दात बहीण कोठे आहे, असेही तेथील स्त्रिया विचारतात. प्रश्न रास्त आहे!

आपल्या घटनेत हा शब्द आणला तो बाबासाहेबांच्या मसुदा समितीने, 1948 च्या मसुद्यात. आधीच्या उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हता. पण 3 ऑक्टोबर 1954 च्या आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले की ही तीन तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. तिघांत त्यांनी सर्वांत वरचे स्थान बंधुतेला दिले. कारण कायदा मोडला तर पोलीस येतील, पण मनातला दुरावा कोणता पोलीस काढणार? बुद्धाने याच भावनेला मैत्री म्हटले आहे.

आता आपल्याच जिल्ह्याकडे या. कसबे तडवळे येथे 22 व 23 फेब्रुवारी 1941 रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. नावातच दोन जाती एका मांडवाखाली आल्या आहेत. गावकीची कामे दोघांच्याही माथी होती, पण दोघांचे पाणवठे वेगळे, पंगती वेगळ्या. दुःख सारखे असूनही दुरावा होता. त्या दोघांना शेजारी बसवणे म्हणजेच फ्रातेर्निते!

आणि आपल्या मराठीची गंमत पाहा. भावापासून आपण शब्द केला 'भाऊबंदकी', आणि त्याचा अर्थ झाला भांडण! बांधावरून, वाटणीवरून आणि आता वस्तीतल्या पुढारीपणावरून. सोयरीक जुळवताना आपण अजून पोटजात विचारतो की नाही? मातंग वस्तीतल्या शेजाऱ्याच्या घरी दुःख झाले तर आपण जातो की नाही? जयंतीच्या पंगतीत त्याला सन्मानाने पाट मिळतो का? वाचक बंधू-भगिनींनो, ही उत्तरे आपली आपणच द्यायची आहेत.

पोराने पुन्हा विचारले तर एवढेच सांगा, "भाऊ जन्माने मिळतो, बंधुता वागण्याने." आणि सांगण्याआधी, तडवळ्याच्या त्या मांडवाची आठवण ठेवून, शेजारच्या घरी एकदा जाऊन या.