आठ दिशा, एक माणूस

कराटेचा काता पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास एक प्रश्न पडतो : हा माणूस लढतो आहे तरी कुणाशी? समोर तर कोणीच नाही. तो डावीकडे वळतो, एक हात खाली झाडतो, पाऊल पुढे टाकून ठोसा मारतो. मग गर्रकन मागे वळून तिकडेही जवळजवळ तेच करतो. मध्येच आरोळी ठोकतो. आणि मिनिटभरात जिथून निघाला तिथेच परत येऊन शांतपणे वाकून नमस्कार करतो.

काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची ठरलेल्या क्रमाने ओवलेली माळ. (आपल्या पानातल्या काताशी याचा काही संबंध नाही.) जमिनीवर ज्या रेषांवरून ती फिरते त्यांना जपानीत ‘एम्बुसेन’ म्हणतात आणि हालचालींचा अर्थ उकलण्याला ‘बुंकाई’. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर रविवारी पंचवीस-तीस मुले या रेषांवरून फिरत असतात. त्यात माझी नातही आहे. तिला एकदा विचारले, “तू डावीकडे का वळतेस गं?”

“तिकडून एक जण येतो ना, आजोबा!”

“आणि मागे?”

“मागून दुसरा.”

“मग मधल्या वेळात तो दुसरा काय करतो?”

“थांबतो,” ती म्हणाली.

हे उत्तर तिच्या एकटीचे नाही. कितीतरी वर्गांतून मुलांना हेच सांगतात. चारी बाजूंनी शत्रू आहेत आणि ते टोकन घेऊन काउंटरपुढे बसलेल्या खातेदारांसारखे आपापला नंबर पुकारला जाण्याची वाट पाहत आहेत! छत्तीस वर्षे बँकेत काढली. इतकी शिस्त मी खातेदारांतही पाहिली नाही, मग गुंडांची काय कथा.

गंमत म्हणजे ही समजूत चूक आहे हे केन्वा माबुनी यांनी 1938 सालीच लिहून ठेवले आहे. माबुनी (1889–1952) हे ओकिनावाचे, शितो-र्‍यू या शैलीचे संस्थापक. काता आठ दिशांना फिरतो म्हणून तो आठ शत्रूंसाठी आहे, असे म्हणणाऱ्यांची त्यांनी चांगलीच हजेरी घेतली आहे. त्यांचे म्हणणे साधे होते. हल्ला करणारा एकच आहे आणि तो समोर आहे. काता डावीकडे वळतो तेव्हा शत्रू डावीकडे आलेला नसतो. तुम्ही त्याच्या सरळ रेषेतून बाजूला सरून त्याच्याशी कोन केलेला असतो. कातामध्ये शत्रू दाखवता येत नाही, म्हणून तो कोन तुमच्या अंगाच्या वळण्यातून दाखवलेला आहे. शेजारी कोणी टेलिफोनवर बोलत असावे आणि आपल्याला एकाच बाजूचे बोलणे ऐकू यावे, तसा हा प्रकार आहे. पलीकडचा काय म्हणाला हे आपण ओळखायचे.

नातीच्याच काताचे उदाहरण घेऊ. त्याचे नाव हेइआन शोदान. पहिली हालचाल : डावीकडे काटकोनात वळून हात खाली झाडणे. ‘लाथ अडवली’ असा याचा शाळकरी अर्थ. पण हात खाली येण्याआधी तो दुसऱ्या बाजूच्या कानापर्यंत वर न्यायचा असतो. येणारी लाथ अडवायची, तर हात आधी कानाशी कोण नेईल? आता समोरच्याने तुमचे मनगट धरले आहे असे समजा. कमरेशी ओढला जाणारा हात रिकामा नसतो, तो त्याचे मनगट पकडून ओढत असतो. वर गेलेला हात त्याच्या कोपराच्या वर, दंडावर खाली दाबत येतो. आणि तुमचे काटकोनात वळणे? त्या वळण्याच्या जोरावरच त्याचा खांदा खाली जातो आणि तो वाकतो. पुढे याच काताच्या चौथ्या हालचालीत हात झटक्याने मागे घेऊन वरून मूठ हातोडीसारखी आपटायची असते. मनगट सोडवून घेण्याची ही युक्ती, एकदा सांगितली की लहान मुलालाही दिसते.

त्याहून पटणारा पुरावा काताच्या मध्यावर आहे. तिथे उजवीकडे तोंड करायचे असते. पण सरळ उजवीकडे न वळता खेळाडू डावीकडून पाऊण गिरकी घेतो, म्हणजे 270 अंश. उजवीकडून कोणी चालून येत असेल, तर त्याच्याकडे आधी पाठ करून लांबच्या वाटेने कोण वळेल? म्हणजे वळणे हाच डाव असला पाहिजे. धोबीपछाड पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको : धरलेल्या माणसाकडे पाठ केल्याशिवाय त्याला पाडता येत नाही. कराटे म्हणजे नुसते ठोसे आणि लाथा, असे मानणाऱ्यांनी गिचिन फुनाकोशी यांचे 1935 चे पुस्तक पाहावे. त्यात पाडण्याचे डाव छायाचित्रांसह दिलेले आहेत.

मग हे मागे का पडले? ओकिनावात विसाव्या शतकाच्या आरंभी आंको इतोसू (1831–1915) यांनी कराटे शाळांत नेले आणि मुलांसाठी पाच सोपे काता बसवले. हेइआन हे त्यांचेच पुढचे नाव. मुले रांगेत उभी राहिली, कवायत सुरू झाली, आणि मनगट मोडण्याचे धडे कवायतीत बसणारे नव्हते. पण खुद्द इतोसूंनी 1908 च्या आपल्या दहा मुद्द्यांच्या पत्रात बजावले आहे की, प्रत्येक हालचालीचा अर्थ नीट समजून घ्या आणि ती कधी, कशी वापरायची ते ठरवा. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. आमच्या एका नव्या कारकुनाची प्रामाणिक समजूत होती की, दार जड असते म्हणून दोघे लागतात. नियम तो बिनचूक पाळायचा. पण कारण ठाऊक नसलेला माणूस एखाद्या घाईच्या दुपारी दोन्ही किल्ल्या एकाच्या हातात देऊन मोकळा होतो.

अर्थात, अर्थ लावण्याचाही एक छंद जडतो. माझ्या कादंबऱ्यांत मी न घातलेले अर्थ सापडल्याची पत्रे मला येतात. काताचेही तसेच होते. करंगळीच्या वाकण्यातही प्राणघातक रहस्य शोधणारे गुरू आहेत. कसोटी एकच : समोरच्याने जोर लावून धरले असताना ते जमते का?

2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ओकिनावाच्याच र्‍यो कियुना यांनी कातामध्ये सुवर्णपदक मिळवले. पाहताना अंगावर काटा आला. तो खेळ म्हणून थोरच. पण आपल्याकडच्या आया मुलींना क्लासला घालतात त्या पदकासाठी नव्हे. जिन्यात, बसस्टॉपवर, ओळखीच्या घरात कोणी हात धरला तर तो सोडवता यावा म्हणून. असा माणूस आठ दिशांनी येत नाही. तो हातभर अंतरावर, समोर उभा असतो. त्याच्या रेषेतून बाजूला सरले की तो क्षणभर भलतीकडे तोंड करून राहतो आणि पळायची वाट मोकळी होते. हे त्या काटकोनात लिहिलेले आहे आणि मुलगी मात्र डावीकडच्या काल्पनिक गुंडाला ठोसा मारते आहे.

क्लासच्या सरांशी मी हे बोललो. तिशीतला मुलगा, रागावला नाही. “काका, परीक्षेत क्रम आणि पवित्रा बघतात, अर्थ कोणी विचारत नाही,” म्हणाला. पण पुढच्या रविवारी त्याने मोठ्या मुलींच्या जोड्या लावल्या. एकीने घट्ट मनगट धरायचे, दुसरीने डावीकडे वळायचे. पहिल्या तिघींना जमले नाही, कारण त्या हातानेच ओढत होत्या, अंग वळतच नव्हते. चौथीची जोडीदार गुडघ्यावर आली आणि दोघीही चकित झाल्या.

पाऊण गिरकीचा डाव मात्र सरांनी राखून ठेवला आहे. गच्चीवर फरशी आहे, गाद्या नाहीत. गाद्यांच्या खर्चाचा विषय सोसायटीच्या पुढच्या सभेत येईल. खजिनदारांचा विरोध राहील असा माझा अंदाज आहे. त्यांना नात नाही.