पळून साखर फिटते का?

ज्यांना कानात इयरफोन घालायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लेखी स्वरूपात.

सुरुवात माझ्याच रिपोर्टपासून करतो. मी आठवड्यातून तीन दिवस पाच किलोमीटर पळतो. वजन ६८ किलो, पोट सपाट. त्यामुळे ऑफिसच्या हेल्थ चेकअपला अगदी ऐटीत गेलो. आणि एचबीएवनसी आलं ५.९. ही टेस्ट साधारण तीन महिन्यांच्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगते. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस. बाबांना डायबेटिस आहे, त्यामुळे आकडा बघून आई गप्पच झाली.

इंजिनिअर माणूस, आधी हिशोब मांडला. दिवसाला चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर: साधारण ४० ग्रॅम. ३०० मिलीची कोलाची बाटली: ३२ ग्रॅम. चार क्रीम बिस्किटं: १५ च्या आसपास. झाले ८७ ग्रॅम. एका ग्रॅमला ४ कॅलरी, म्हणजे जवळपास ३५०. पळताना दर किलोला, दर किलोमीटरला अंदाजे एक कॅलरी जळते. म्हणजे माझे पाच किलोमीटर ३४०. बघा, हिशोब जुळला!

पण मी पळतो तीन दिवस आणि साखर खातो सातही दिवस. शिवाय शरीर फक्त कॅलरी मोजत बसत नाही.

साखरेचा निम्मा भाग ग्लुकोज, निम्मा फ्रुक्टोज. ग्लुकोजच्या बाबतीत व्यायाम खरंच कामाचा. स्नायू हलले की पेशींवर ग्लूट-४ नावाचे दरवाजे उघडतात आणि इन्सुलिनशिवायही ग्लुकोज आत जातं. व्यायामानंतर इन्सुलिनचा परिणामही साधारण एक-दोन दिवस चांगला राहतो. म्हणून जेवल्यावर दहा मिनिटं शतपावली केली तरी फरक पडतो. आजी उगाच सांगत नव्हती.

फ्रुक्टोजची गोष्ट वेगळी. त्याचा बराचसा भार यकृतावर पडतो आणि जास्त झालं की त्याची चरबी बनते. व्यायामाने ही चरबी कमी व्हायला मदत होते, पण रोज नवा माल येतच राहिला तर गोडाऊन रिकामं कधी होणार?

आणि दात? तोंडातले जिवाणू साखरेचं ॲसिड करतात. तुम्ही मॅरेथॉन पळा नाहीतर सोफ्यावर लोळा, त्यांना काही फरक पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस: वरून घातलेली साखर, मध आणि ज्यूसमधली साखर मिळून रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत. २००० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅम. २५ वर आणलीत तर आणखी चांगलं.

मग मी एकच गोष्ट बदलली. पळणं तेवढंच ठेवलं. कोला आणि क्रीम बिस्किटं बंद, चहा दोनदा, एकेक चमचा. पहिला आठवडा डोकं भणभणलं, खोटं कशाला बोलू? तीन महिन्यांनी आकडा आला ५.६. एका माणसाचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, हे मान्य. पण आई परत बोलायला लागली!

तर उत्तर असं: व्यायाम साखरेचा थोडा मार झेलतो, सगळा नाही. पळणं सोडू नका, पण ते साखरेची पावती म्हणून वापरू नका. आणि आकडा वाढलेला असेल तर मला नाही, डॉक्टरांना विचारा.

आज एकच काम करा: दिवसभरातले साखरेचे चमचे मोजा. भेटू पुढच्या भागात!