शर्मिष्ठेतल्या दीर्घिकेची चौकशी

अदृश्य आकाश : लेखांक ९

शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेला, जवळपास ५० कोटी प्रकाशवर्षांवर, एक सर्पिल दीर्घिका आहे. तिला धड नावही नाही. आकाशसर्वेक्षणाच्या यादीतला एक लांबलचक क्रमांक एवढीच तिची ओळख. तरीही गेल्या काही वर्षांत युरोपातल्या रेडिओ दुर्बिणी, अवकाशातली हबल आणि जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी अशा सगळ्यांनी तिचा कानाकोपरा तपासला. तिच्या कडेला असं काही तरी दडलं आहे, जे दर सोळा दिवसांनी जागं होतं, चार-पाच दिवस अधूनमधून रेडिओ लहरींचे स्फोट करतं आणि पुन्हा गप्प होतं. एकेक स्फोट जेमतेम काही मिलिसेकंदांचा.

हे जलद रेडिओ स्फोट, म्हणजे एफआरबी, २००७ साली डंकन लॉरिमर यांच्या गटाला पार्क्स दुर्बिणीच्या जुन्या नोंदींत पहिल्यांदा कसे सापडले, ते मागच्या लेखांकात आलं. एवढ्या अल्प क्षणात यांतले प्रखर स्फोट जी ऊर्जा फेकतात, ती बाहेर टाकायला सूर्याला कित्येक दिवस लागतील. मग हे करतं कोण? स्फोटाच्या लहरी त्याचं उत्तर सहजी देत नाहीत. कमी वारंवारतेच्या लहरी वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे मागे रेंगाळतात, त्यावरून अंतराचा अंदाज येतो, इतकंच. म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग धरला. स्फोट ज्या घरातून आला ते घर शोधायचं, त्या घरात म्हातारे तारे राहतात की तरणे हे पाहायचं, आणि त्यावरून स्फोट करणाऱ्याचं कूळ ठरवायचं.

घर शोधणं मात्र सोपं नव्हतं. रेडिओ दुर्बिणीच्या एका थाळीला आकाशाचा जेवढा तुकडा दिसतो, त्यात शेकडो दीर्घिका मावतात. अचूक पत्ता हवा असेल तर दूरदूरच्या अनेक थाळ्यांनी एकाच वेळी तो स्फोट पकडायला हवा, आणि स्फोट पुन्हा कधी होईल हे कुणालाच ठाऊक नसतं. पहिला पक्का पत्ता मिळाला तो सारथी तारकासमूहातल्या एफआरबी १२११०२ चा, कारण हा स्फोट पुन्हा पुन्हा होणारा निघाला. शमी चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीने त्याची जागा निश्चित केली. तिथे कोणती दीर्घिका आहे, हे सांगणाऱ्या जानेवारी २०१७ च्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते श्रीहर्ष तेंडुलकर, जे पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात, म्हणजे एनसीआरएमध्ये, आले. हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीतून घेतलेल्या वर्णपटात त्यांना दिसली एक बटु दीर्घिका. सुमारे तीन अब्ज प्रकाशवर्षं दूर, आणि ताऱ्यांचं एकूण वस्तुमान फक्त चार ते सात कोटी सूर्यांएवढं. आपल्या आकाशगंगेचा तो हजारावा हिस्सा म्हणता येईल. पण आकार लहान असला तरी तिथे नवे तारे जोरात जन्मत होते.

अशाच लहान, जड मूलद्रव्यांची वानवा असलेल्या दीर्घिकांत सर्वांत प्रखर अतिनवतारे दिसतात. त्यामुळे कथा लगेच जुळली. प्रचंड तारा फुटतो, मागे प्रचंड चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मॅग्नेटार, उरतो आणि बालवयातला हा मॅग्नेटार स्फोट करत राहतो. मॅग्नेटारचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या शंभर लाख कोटी पटींहून जास्त असतं, त्यामुळे ताकदीचा प्रश्न नव्हता. पण सगळी कथा एका घरावर उभी होती.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या स्फोटांचं दुसरं घर शर्मिष्ठेतलं. कॅनडातल्या चाइम दुर्बिणीला १६ सप्टेंबर २०१८ रोजी सापडलेल्या एफआरबी २०१८०९१६बी चा पत्ता युरोपीय जाळ्यातल्या आठ दुर्बिणींनी मिळून जून २०१९ मध्ये काढला, तोही इतका नेमका की अनिश्चितता अवघ्या सात प्रकाशवर्षांची राहिली. घर बटु नव्हतं. ती नेहमीची, शांत सर्पिल दीर्घिका निघाली. पाठोपाठ चाइमच्या गटाने १६.३५ दिवसांचं आवर्तन दाखवलं. एफआरबीमध्ये अशी लय पहिल्यांदाच दिसली.

इथे खोडदचा प्रवेश होतो. अहिल्यानगरहून कल्याणकडे जाणारा रस्ता भाळवणी, टाकळी ढोकेश्वर करत पारनेर तालुका ओलांडतो आणि आळेफाट्याला पोचतो. तिथून दक्षिणेला नारायणगाव, आणि नारायणगावच्या पूर्वेला खोडद. जुन्नरच्या ज्या धरणांतून कुकडीचं पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जतच्या शेतांत येतं, त्याच परिसरात रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या उभ्या केल्या. चौदा थाळ्या मध्यभागी, सोळा तीन दिशांना पसरलेल्या, आणि सर्वांत दूरच्या दोन थाळ्यांत सुमारे २५ किलोमीटरचं अंतर. विश्वेश्वर राम मारथी आणि सहकाऱ्यांनी या दुर्बिणीचा कान शर्मिष्ठेकडे वळवला. लागोपाठच्या तीन आवर्तनांत, स्फोटांचा भर असेल अशा वेळी, दोन-दोन तास. पहिल्या खेपेला काहीच नाही. दुसऱ्या खेपेला बारा स्फोट, तिसऱ्या खेपेला तीन. लय पक्की, पण त्या लयीत किती स्फोट येतील याचा नेम नाही.

त्यानंतरचं काम जास्त मोलाचं आहे आणि त्याचा बोलबाला व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. तेंडुलकर यांच्या गटाने २०२१ मध्ये हबलच्या प्रतिमांवरून दाखवलं की तारे जन्मण्याचा सर्वांत जवळचा पुंजका स्फोटाच्या जागेपासून सुमारे ८०० प्रकाशवर्षं दूर आहे. स्फोट करणारा न्यूट्रॉन तारा त्या पुंजक्यात जन्मून इथवर सरकत आला असेल, तर त्याला ८ लाख ते ७० लाख वर्षं लागली असणार. मॅग्नेटार साधारण दहा हजार वर्षांत थंडावतो. म्हणजे बालवयातल्या मॅग्नेटारची कथा इथे बसत नाही. त्यांनी पुढे केलेला पर्याय म्हणजे जोडतारा : न्यूट्रॉन तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा एखादा वजनदार सोबती.

पण वजनदार तारे फार जगत नाहीत. दीर्घिका तर शांत, नव्या ताऱ्यांची निर्मिती मंद. मग तिच्या ओसाड कडेला असे तारे आले कुठून?

एनसीआरएतल्या बलप्रीत कौर आणि निस्सीम काणेकर यांनी जे. झेवियर प्रोचास्का यांच्यासह याचा माग हायड्रोजनमध्ये घेतला. तारे ज्यातून घडतात तो थंड, अणुरूप हायड्रोजन २१ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो, १,४२० मेगाहर्ट्झवर. विश्वाच्या प्रसरणामुळे ५० कोटी प्रकाशवर्षांवरून त्या येतात तेव्हा ताणून १,३७४ मेगाहर्ट्झच्या आसपास पोचलेल्या असतात. हा संदेश कमालीचा क्षीण असतो आणि जीएमआरटी मुळात हायड्रोजनचे असे क्षीण संदेश टिपायलाच घडवली गेली. स्फोटाच्या घराचा हायड्रोजनचा तपशीलवार नकाशा त्यांनी काढला. २०२२ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेला तो नकाशा सरळसाधा नव्हता. दीर्घिकेत सुमारे २७४ कोटी सूर्यांएवढा हायड्रोजन आहे, तिथल्या सगळ्या ताऱ्यांच्या वस्तुमानापेक्षाही जास्त. इतकं साहित्य पदरी असलेली दीर्घिका शांत बसलेली असणं विचित्र. शिवाय वायूची एक शेपटी ईशान्येला ओढली गेलेली, दुसरी दक्षिणेला; दीर्घिकेचा मध्य आणि स्फोटाची जागा यांच्यामध्ये वायूत भोक; आणि स्फोटाच्या जागेजवळ मात्र वायू दाटलेला. शेजारी चार सोबती दीर्घिका, त्यांतली जवळची स्फोटापासून फक्त ७२ हजार प्रकाशवर्षांवर. आपली शेजारीण देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे, हे ध्यानात घेतलं की ही जवळीक कळते.

त्यांचा निष्कर्ष असा : या दीर्घिकेने नजीकच्या काळात एक छोटी दीर्घिका पोटात घेतली. बाहेरून वायू आला, कडेचा वायू दाबला गेला, तिथे वजनदार तारे जन्मले आणि त्यांतल्याच एकाच्या अवशेषातून हे स्फोट येत आहेत. हबलने विचारलेल्या प्रश्नाला खोडदने दिलेलं हे उत्तर आहे. जोडताऱ्याची कल्पनाही त्यात सामावते, आणि सोळा दिवस हा त्या जोडीच्या प्रदक्षिणेचा काळ असू शकतो. न्यूट्रॉन ताऱ्याचा अक्ष डुलत असल्यानेही अशी लय येऊ शकते, हा पर्याय अजून बाद झालेला नाही. तरी या दीर्घिकेपुरता जोडताऱ्याचाच पक्ष भारी वाटतो.

मॅग्नेटार स्फोट करू शकतात याचा पुरावा दरम्यान घरातच मिळाला होता. २८ एप्रिल २०२० रोजी आपल्याच आकाशगंगेतल्या एसजीआर १९३५+२१५४ या मॅग्नेटारने एफआरबीच्या जातीचा स्फोट केला. तेव्हा अनेकांना वाटलं, कोडं सुटलं. वर्षभरातच सप्तर्षीच्या दिशेच्या एम८१ दीर्घिकेने ते पुन्हा गुंतवून ठेवलं. फक्त १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवरचा एफआरबी २०२००१२०ई तिथल्या गोलाकार तारकागुच्छातून येत होता. अशा गुच्छात सगळे तारे अब्जावधी वर्षांचे. वजनदार तारे केव्हाच फुटून संपलेले. तिथे मॅग्नेटार असेल तर तो दोन श्वेतबटूंच्या टकरीतून, किंवा एखादा श्वेतबटू सोबत्याचा वायू ओढून कोसळल्यामुळे घडला असणार. एफआरबी २०२४०२०९ए तर दोन अब्ज प्रकाशवर्षांवरच्या, तारेनिर्मिती थांबलेल्या वृद्ध दीर्घिकेच्या पार बाहेरच्या टोकाला सापडला.

अपवाद ठळक असले तरी बहुसंख्य घरं वेगळं सांगतात. कृती शर्मा आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये तीस घरांचा एकत्र अभ्यास केला, तेव्हा स्फोट वजनदार, तारे घडवणाऱ्या दीर्घिकांत जास्त आढळले. जड मूलद्रव्यांनी समृद्ध अशा ठिकाणी जोडतारे एकमेकांत विलीन होतात आणि त्यातून मॅग्नेटारांचे जनक तयार होतात, असा त्यांचा तर्क आहे. पहिलं घर बटु निघालं हा योगायोग होता, असं आता म्हणावं लागतं.

असे क्षीण संदेश ऐकायचे तर परिसरात रेडिओ शांतता लागते, आणि त्या शांततेची किंमत अहिल्यानगर जिल्ह्याला ठाऊक आहे. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा पुणे-नाशिक थेट लोहमार्ग जीएमआरटीमुळे बाजूला ठेवला गेला आणि शिर्डी-अहिल्यानगरच्या बाजूने पर्याय पुढे आला. संगमनेरकरांचा संताप खरा आहे. पिढ्यान् पिढ्या त्यांनी रेल्वेची वाट पाहिली. दुर्बीण हलवता येत नाही, हेही तितकंच खरं. दुर्बिणीला बाधा न आणता संगमनेरला रेल्वे कशी न्यायची, यावर अभियंत्यांनी आणि खगोलशास्त्रज्ञांनी एकत्र बसून काम करायला हवं. हा हट्ट दोन्ही बाजूंच्या लोकांनी धरावा असा आहे.

घरांची यादी आता झपाट्याने वाढते आहे. १६ मार्च २०२५ रोजी चाइम आणि तिच्या दूरवरच्या साथीदार दुर्बिणींनी एनजीसी ४१४१ या दीर्घिकेतला अतिप्रखर स्फोट पकडला. अंतर १३ कोटी प्रकाशवर्षं, आणि जागा ४५ प्रकाशवर्षांच्या आत निश्चित. जेम्स वेब दुर्बिणीला नेमक्या त्या जागी अवरक्त प्रकाशाचा एक मंद ठिपका दिसला. तो लाल राक्षसी तारा असेल, तर स्फोट करणाऱ्याचा सोबती पहिल्यांदाच दिसला असा अर्थ होईल. पुढच्या निरीक्षणांत ठिपका मावळला, तर ती स्फोटाच्या भडक्याची आसपासच्या धुळीवरून परतलेली झळाळी ठरेल.

(पुढील लेखांक : स्फोटांच्या लहरींनी मोजलेलं दीर्घिकांमधलं हरवलेलं द्रव्य)