साडेत्रेसष्ट अंशांतलं दादर

दादरच्या हिंदू कॉलनीतली किंवा पारशी कॉलनीतली जुनी घरं पाहताना नजर गॅलरीच्या कठड्यांवर खिळते. पण या घरांचं रूप आधी ठरवलं ते प्लेगने.

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग फुटला आणि दाटीवाटीच्या चाळींतल्या अंधाऱ्या खोल्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची नवी वस्ती त्यानेच आखली. राहत्या खोलीला निदान एका बाजूने आकाश दिसावं, यासाठी ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला: खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या भिंतीच्या माथ्यापर्यंतची रेषा जमिनीशी याहून मोठा कोन करू नये. हिशेब सोपा होता: समोरची भिंत चाळीस फूट उंच, तर मधे वीस फूट मोकळं. इमारतींच्या चारी बाजूंनी हवा खेळते ती या हिशेबामुळे. माझ्या मते या वस्तीतलं सर्वांत मौल्यवान बांधकाम म्हणजे ही न बांधलेली जागा, आणि पुनर्विकासात पहिला बळी तिचाच जातो.

पारशी कॉलनीसाठी मंचेरजी जोशी या अभियंत्याने ट्रस्टकडून भूखंड मिळवले, रस्त्यांकडेला झाडं लावून घेतली. सुरुवातीच्या घरांत जाड विटांच्या भिंती, सागवानी जिने, युरोपीय वळणाचे खांब दिसतात.

१९३०च्या दशकात सिमेंट-काँक्रीटने सगळं पालटलं. भार भिंतींवरून खांबांवर गेला, त्यामुळे गॅलरीचा कोपरा गोल वळवता आला आणि खिडक्यांवरून सलग छज्जा ओढता आला. हीच आर्ट डेको शैली. तिच्यात दिखावा आहे, पण छज्जा मुंबईचं ऊन आणि तिरपा पाऊस खरोखर अडवतो. जिन्याच्या उभ्या काचांतून मजल्यामजल्यावर उजेड उतरतो. फाटकाच्या जाळीत उगवत्या सूर्याचे किरण, दर्शनी भिंतीवर उठावाच्या अक्षरांत इमारतीचं नाव. आत मोझॅकच्या लाद्या आणि घरातच संडास-न्हाणीघर असलेला ‘ब्लॉक’. चाळीतून आलेल्या मराठी कुटुंबांना ही सोय केवढी मोठी वाटली असेल! दादरच्याच शिवाजी पार्कभोवती अशी घरं रांगेने उभी राहिली.

मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलजवळच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. शिवाजी पार्क त्या क्षेत्राबाहेर राहिलं. इथली जी इमारत पाडायची ठरेल, तिचे नकाशे, जाळ्यांचे नमुने, छज्ज्यांची मापं निदान आधी नोंदवून ठेवावीत. रहिवाशांच्या सोसायटीलाही ते सहज जमण्यासारखं आहे.